तिमसाह तळ्याकाठचे दरवेशी

सुएझच्या बाहेर, नांगरावर
17 मार्च

प्रिय बाळ्या,

तुझा व्हॉइस मेसेज पोर्ट सईदला असताना ऐकला. आपल्या तालमीची टीम सेमीफायनलला गेली, म्हणजे हरून घरी गेली, आणि तू म्हणतोस की आता महिनाभर माझ्यासमोर फुटबॉलचं नाव काढू नकोस. म्हणून मुद्दाम फुटबॉलवरच लिहितोय. जहाजावरचा माझ्या वाटणीचा डेटा संपलाय आणि एका स्पेअर पार्टसाठी इथं दोन दिवस थांबलोय. कागद भरपूर आहे. मुंद्र्याला लागलो की पोस्टात टाकतो.

सुएझ कालवा काल ओलांडला. कालव्यात शिरताना दोर बांधायला तिथले बोटवाले जहाजावर चढतात, त्यांची होडीसुद्धा क्रेननं वर घ्यायची. दिवसभर ते डेकवर चहा पीत बसतात, काही ना काही विकायला काढतात. त्यातल्या एकाच्या अंगात बॉयलर सूटच्या आत पिवळी जर्सी होती. मी म्हटलं, ब्राझील? मर्दा, असा बघितला माझ्याकडं! म्हणाला, इस्माइली. बराच वेळ बोललो. त्याचं इंग्रजी निम्मं, माझं अरबी चार शब्दांचं, तरी फुटबॉलवाल्यांना किती भाषा लागते?

आपल्याला इजिप्त म्हटलं की अल अहली आणि झमालेक. कैरोतले हे दोन्ही क्लब थोरच, त्यांच्याबद्दल तुला मी सांगायला नको. पण पोर्ट सईद आणि सुएझच्या मधोमध इस्माइलिया नावाचं गाव आहे. आम्ही दक्षिणेला जाताना ते उजव्या हाताला लागतं. तिथं जहाजाला वाट दाखवणारा पायलट बदलतो. हे गाव कालव्यासाठीच वसवलं, 1863 मध्ये, इजिप्तचा तेव्हाचा राज्यकर्ता खेदिव इस्माइलच्या नावानं. अर्ध्या गावात कालवा कंपनीच्या फ्रेंच साहेबांचे बंगले आणि बागा, उरलेल्या अर्ध्यात कालवा खणणाऱ्यांची वस्ती. बाजूला ब्रिटिश फौजेची छावणी. गावात फुटबॉल होता, पण क्लब परक्यांचे. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला गावातल्या इजिप्शियन लोकांनी वर्गणी काढून स्वतःचा क्लब उभा केला, नाव ठेवलं ‘नहदा’. नहदा म्हणजे जागृती. पुढं त्याचा झाला इस्माइली. 1948 मध्ये इजिप्तची लीग सुरू झाली, तेव्हा पहिल्या 11 संघांत हाही होता.

ब्रिटिशांशी या गावाचं काय नातं होतं ते एका तारखेवरून कळतं. 25 जानेवारी 1952. ब्रिटिश फौजेनं इस्माइलियाच्या पोलीस ठाण्याला रणगाड्यांसकट वेढा घातला, पोलिसांनी शस्त्रं टाकायला नकार दिला आणि पन्नासेक पोलीस मेले. दुसऱ्या दिवशी कैरो पेटलं, सहा महिन्यांत राजा गेला. इजिप्तमध्ये 25 जानेवारी हा त्याच आठवणीत पोलीस दिन. (2011 ची क्रांतीही लोकांनी मुद्दाम याच तारखेला सुरू केली, पण ती वेगळी गोष्ट.)

आता खरी कहाणी. 1967 साली इस्माइलीनं पहिल्यांदा लीग जिंकली. कैरोबाहेरच्या, कालव्याकाठच्या पोरांनी. त्याच वर्षी जूनमध्ये युद्ध झालं आणि सहा दिवसांत इस्रायली सैन्य कालव्याच्या पूर्व काठावर येऊन उभं राहिलं. पश्चिम काठावर इस्माइलिया. मध्ये फक्त पाणी, आपली पंचगंगा पुरात जेवढी पसरते साधारण तेवढं. तोफगोळे घरांवर पडायला लागले, आणि सरकारनं कालव्याकाठची पोर्ट सईद, इस्माइलिया, सुएझ ही तिन्ही शहरं रिकामी करायला घेतली. लाखो माणसं उठली. त्याला ते लोक ‘तहगीर’ म्हणतात. बोटवाल्याचं बालपण नाईलच्या मुखाकडच्या एका खेड्यात, शाळेच्या वर्गात चार कुटुंबं, असं गेलं. आपण 2019 च्या पुरात आठ दिवस शाळेत झोपलो तर अजून ते सांगत फिरतो. हे लोक सहा-सात वर्षं तसे राहिले.

देशातली लीग बंद पडली, चार हंगाम झालीच नाही. म्हणजे बघ, चॅम्पियन टीम आहे, पण तिला गाव नाही, मैदान नाही, लीग नाही. मग त्यांनी काय केलं? अरब देशांत फिरून मैत्रीचे सामने खेळले आणि त्याचे पैसे युद्धनिधीला दिले. त्याच काळात त्यांची थोर गायिका उम्म कुल्थूम गाण्याचे कार्यक्रम करून निधी जमवत होती, हे तुला माहीत असेल. हे पायानं तेच करत होते.

आणि अशा अवस्थेत त्यांनी आफ्रिकेचा क्लबांचा कप जिंकला. 1969 ची स्पर्धा, अंतिम फेरीत काँगोचा एंगलबेर, आजचा टीपी माझेंबे. (एंगलबेर हे टायरच्या ब्रँडचं नाव. आपल्याकडं तालमीला टायरचं नाव दिलं तर पेठ पेटेल.) आधीची दोन्ही वर्षं कप त्यांच्याकडंच होता. काँगोत 2-2 बरोबरी. परतीचा सामना 9 जानेवारी 1970 ला कैरोत, कारण इस्माइलियात खेळणं शक्यच नव्हतं. 3-1 नं जिंकले. आफ्रिकेचा कप जिंकणारा पहिला इजिप्शियन क्लब, पहिला अरब क्लब. अहली नाही, झमालेक नाही. अहलीला तो पहिल्यांदा मिळाला 1982 मध्ये. पुढं त्यांनी डझनभर घेतले, ते सोड.

त्या टीमचा हुकमी एक्का अली अबू ग्रेशा, त्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या फुटबॉल. एक सय्यद अब्देल रझिक, ज्याला सगळे ‘बझूका’च म्हणत, किकवरून. आणि जो तिथं नव्हता, तो रेडा. सगळ्यांचा लाडका, पण 1965 मध्येच मोटार अपघातात गेला. बोटवाल्यानं त्याला कधीच पाहिलेलं नाही, तरी त्याचं नाव घेताना आवाज खाली आला. गावाबाहेरच्या खेळाडूसाठी असं होत नाही. पैशाची बाजू सांभाळणारा उस्मान अहमद उस्मान, इस्माइलियाचाच पोरगा, अस्वानच्या मोठ्या धरणाचा कंत्राटदार. मोठा माणूस झाला, पण क्लब सोडला नाही.

मला सगळ्यात मजा वाटली ती दुसऱ्याच पिवळ्या रंगाची. 1967 ला कालवा बंद झाला तेव्हा 14 जहाजं कालव्यावरच्या ग्रेट बिटर लेक या तळ्यात अडकली, आणि एक, अमेरिकन ‘ऑब्झर्व्हर’, थेट इस्माइलियाच्या तिमसाह तळ्यात. आठ वर्षं! वाळू बसून बसून ती पिवळी पडली म्हणून त्यांना ‘यलो फ्लीट’ म्हणतात. आम्हाला कॉलेजात हे शिकवलं होतं. खलाशांनी आपली पोस्टाची तिकिटं काढली, 1968 मध्ये स्वतःचं ऑलिंपिक भरवलं, मोठ्या डेकवर फुटबॉलही खेळले. पण ज्या गावाच्या तळ्यात ते ‘ऑब्झर्व्हर’ अडकलं होतं, त्या गावची टीम तेव्हा दुसऱ्याच्या मैदानावर खेळत होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या पुस्तकात जहाजांचीच काळजी. कालवा 5 जून 1975 ला उघडला.

टीमला ‘दरावीश’ म्हणतात, दरवेशी. आणि ‘अरबांचा ब्राझील’, जर्सीमुळं आणि छोट्या-छोट्या पासच्या खेळामुळं. तिसरं नाव मात्र आपल्या कामाचं आहे: ‘इजिप्शियन फुटबॉलचं फळ’. कारण इस्माइलिया आंब्याचं गाव आहे! बोटवाल्यानं जाती मोजून दाखवल्या: ओवेस, सुक्करी, झेब्दा, हिंदी, आणि मग म्हणाला, अल्फोन्स. मी म्हटलं, थांब थांब, तो आमचा. अर्धा तास भांडलो. त्यांचा ऑगस्टमध्ये येतो म्हणे. ऑगस्टमधला हापूस, बाळ्या, मी त्यावर काय विश्वास ठेवू?

अहलीवर राग आहे, आणि तो पक्का आहे. 1991 मध्ये दोघांचे गुण सारखे झाले, महल्ला शहरात निर्णायक सामना झाला, इस्माइली 2-0. हे त्यानं मला दोनदा सांगितलं. 2009 मध्ये पुन्हा तसाच प्रसंग आला, तेव्हा अहलीनं 1-0 नं घेतला, हे मी सांगितलं. तो समुद्राकडं बघायला लागला. खरं दुखणं मात्र खेळाडू जाण्याचं. बरकात, अहमद फथी, इथं घडले आणि आखातातून किंवा इंग्लंडमधून फेरा मारून शेवटी अहलीच्या लाल जर्सीत दिसले. म्हणून होस्नी अब्द रब्बोला इतका मान. 2008 च्या देशादेशांच्या आफ्रिका कपचा सर्वोत्तम खेळाडू, अहलीला तो हवा होता, तरी इस्माइलीचाच राहिला. आपल्याकडं पेठ बदलणाऱ्याला काय म्हणतात ते तू जाणतोस, मी पत्रात लिहीत नाही.

2002 ची लीग ही त्यांची तिसरी आणि शेवटची. 2003 मध्ये आफ्रिकेच्या क्लब कपच्या फायनलला नायजेरियाच्या एनयिंबाकडून हरले. गेली काही वर्षं तर खालच्या पायऱ्यांवरच लोळतायत. मी विचारलं, मग जातोस का मॅचला? त्यानं उत्तर दिलं नाही, फोनमधलं एक गाणं लावलं. सिमसिमिया नावाचं तंतुवाद्य असतं त्यांच्याकडं, छोटंसं, किणकिण वाजणारं. युद्धाच्या काळात निर्वासितांच्या वस्त्यांत हेच वाजायचं. माझ्या मते क्लब टिकला तो कपामुळं नाही. गावच नव्हतं तेव्हा ‘आपण कुठले’ याचं उत्तर द्यायला त्या लोकांकडं हे वाद्य आणि ही अकरा पोरं, एवढंच होतं. आता गाव आहे, स्टेडियम आहे, आणि टीम हरते. तू म्हणशील, मग फायदा काय. मला विचारू नकोस, मी इंजिनवाला माणूस.

सुएझला तो उतरला. त्यानं माझ्या तालमीचं नाव विचारलं, मी सांगितलं, त्याला ते उच्चारता येईना. मग पाठीवर आकडा काय असतो विचारलं. मी 4 म्हटलं, आणि तुझाही 9 सांगून टाकला.

काकूंना नमस्कार सांग. आणि जर्सी धुऊन ठेव, पुढच्या फेरीला त्याच्या जर्सीशी अदलाबदल करायचं कबूल केलंय मी. तुझी. माझी मला येत नाही आता.

तुझा,
सुऱ्या