क्युबाची कोंडी: साखर, तेल आणि जमीन

महोदय,

क्युबात साम्यवादी राजवट आली म्हणून अमेरिकेने त्या देशाशी व्यापार तोडला, असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. हे अर्धेच खरे आहे. साम्यवादी चीनशी अमेरिकेचा प्रचंड व्यापार चालतो आणि ज्या व्हिएतनामशी ती लढली, त्याच्यावरील व्यापारबंदीही १९९४ साली उठली. मग क्युबाच एवढा का खुपावा, याचे उत्तर विचारसरणीपेक्षा मालमत्तेच्या भांडणात अधिक सापडते.

जानेवारी १९५९ मध्ये कास्त्रो यांची क्रांती यशस्वी झाली आणि मे महिन्यात जमीन सुधारणा कायदा आला, ज्याचा फटका अमेरिकी साखर कंपन्यांना बसला. पुढच्या वर्षी साखरेच्या बदल्यात आलेले सोव्हिएत तेल शुद्ध करण्यास क्युबातील परदेशी रिफायनऱ्यांनी नकार दिला, तेव्हा सरकारने त्या ताब्यात घेतल्या. लगोलग जुलैमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी क्युबाचा साखरेचा कोटा, म्हणजे अमेरिका क्युबाकडून घेत असलेल्या साखरेचे ठरलेले प्रमाण, कापला, क्युबाने आणखी अमेरिकी मालमत्तेचे राष्ट्रीयीकरण केले आणि ऑक्टोबरात अन्न व औषधे वगळता अमेरिकेची निर्यातच थांबली. केनेडी यांनी फेब्रुवारी १९६२ मध्ये उरलासुरला व्यापारही बंद केला. त्याआधीच, एप्रिल १९६० मध्ये, अमेरिकी परराष्ट्र खात्यातील एका टिपणात क्युबात उपासमार व हताशा निर्माण करून सरकार उलथवण्याचा हेतू स्पष्ट शब्दांत नोंदवलेला होता, आणि मला सर्वांत अस्वस्थ करते ते हेच.

कारण कोंडी कुठे पोचते, हे आम्ही फोंड्यात पाहिले आहे. १९५५ नंतर भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. त्यामागचा मुक्तीचा हेतू मला आजही योग्यच वाटतो. पण घाटावरची भाजी बंद झाली, बाजारात हॉलंडचे बटाटे आणि पाकिस्तानचा तांदूळ आला, आणि तो अनोळखी तांदूळ सुपात घेऊन आई दाणा दाणा निरखत बसे. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार मात्र तसूभरही हलले नाहीत; गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये, भारतीय सैन्य आल्यावर.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९९२ पासून क्युबावरील अमेरिकी निर्बंधांविरुद्ध ठराव होत आले आहेत आणि भारताने त्यांना पाठिंबा दिला आहे. पुढच्या मतदानाच्या वेळी आपण या विषयावर सविस्तर लेख द्यावा, ही विनंती.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक, फोंडा, गोवा