ताई, कार्तागोच्या वाटेवर तुम्ही सोबत होतात म्हणून

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानून झाले, पण आईचं म्हणणं असं की एवढं केलेलं कागदावर यायला हवं. मला ते चारचौघांत यावं असं वाटलं. आपल्याकडून कोस्टा रिकाला जाणाऱ्यांच्या हाती झिपलाइन, ज्वालामुखी आणि समुद्रकिनारा एवढीच यादी पडते. आमचीही तीच होती. ती बघून तुम्ही एकच विचारलंत, "एक ऑगस्टच्या रात्री कुठे आहात?" आणि सगळ्या तारखा बदलायला लावल्यात.

त्या रात्री निम्मा देश रस्त्यावर असतो हे आम्हाला कुठे ठाऊक होतं! राजधानी सान होसेपासून कार्तागोच्या देवळापर्यंत, साधारण बावीस किलोमीटर, लोक पायी जातात. त्याला रोमेरिया म्हणतात, पण आईने पाचव्या मिनिटाला आपला शब्द काढला: वारी. तिने तरुणपणी पालखीबरोबर चालून पाहिलेलं, त्यामुळे तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. गुडघ्यांमुळे तिला पूर्ण चालणं शक्य नव्हतं, म्हणून तुम्ही आम्हाला वाटेतल्या त्रेस रिओस गावापासून चालायला लावलंत. ओचोमोगोच्या चढावर तुम्ही तिच्या चालीने चाललात, रेड क्रॉसच्या तंबूत तिला बसवलंत, पायांना मलम लावून घेतलंत. पोटच्या मुलीने केलं असतं तेवढंच, ताई. मी तेव्हा पुढे जाऊन फोटो काढत होते.

ला नेग्रिताची, म्हणजे त्या देवळातल्या मेरीमातेची, गोष्ट तुम्ही चढावरच सांगितलीत. २ ऑगस्ट १६३५, सरपण गोळा करणारी हुआना पेरेइरा नावाची गरीब मुलगी, खडकावर सापडलेली सावळ्या दगडाची माउली. मुलीने घरी नेली तर मूर्ती पुन्हा खडकावर. पाद्र्यांनी कुलपात ठेवली तरी पुन्हा तिथेच. जेमतेम वीतभर मूर्ती, आणि १८२४ पासून ती अख्ख्या देशाची रक्षणकर्ती. देवळात माणसं दारापासून गुडघ्यांवर सरकत जात होती. खालच्या झऱ्याचं पाणी लोक बाटल्यांत भरून नेत होते. नवस फेडायला वाहिलेले धातूचे इवलेसे हात, पाय, डोळे काचेआड ओळीने लावले होते. आई त्यांतल्या एका इवल्याशा गुडघ्यासमोर बराच वेळ हात जोडून उभी होती.

१९१० च्या भूकंपात कार्तागो जमीनदोस्त झालं. अर्धवट राहिलेल्या जुन्या चर्चचे भग्न अवशेष गावाच्या मध्यावर तसेच आहेत आणि तिथे बिनडोक्याचा पाद्री फिरतो म्हणतात. ती गोष्ट तुम्ही भिंतीला टेकून, आवाज खाली आणून सांगितलीत. पण मला जास्त आवडली ती बिनबैलांच्या गाडीची. देवळासाठी तोडलेलं लाकूड कुणी चोरून गाडीत भरलं. शाप लागला तो चोराला आणि गाडीला. बैलांना मात्र देवाने मोकळं केलं, कारण त्यांचा काय दोष? तेव्हापासून रात्री नुसती गाडीच खडखडत जाते. भुताच्या गोष्टीत जनावराला न्याय मिळतो हे मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

म्हणूनच सार्चीला नेलंत ना? तिथल्या रंगवलेल्या गाड्यांना २००५ मध्ये युनेस्कोने मान दिला, हे मी वाचलं होतं. मात्र चाकाच्या तुंब्याजवळची लोखंडी कडी दाखवून, गाडी दोन हात पुढे ढकलून "आता ऐका" असं म्हणणारं कुणीतरी लागतं. कडी आपटून टणटण आवाज येतो आणि प्रत्येक गाडीचा निराळा. पूर्वी याच गाड्या कॉफी घेऊन मधल्या खोऱ्यातून पुंतारेनासच्या बंदरापर्यंत दहा-पंधरा दिवस चालत. आवाजावरून घरच्यांना कळायचं, आपला माणूस आला.

आईच्या जेवणाचं तर लिहावंच लागेल. तुम्ही स्पॅनिशमध्ये लिहून दिलेली चिठ्ठी: मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, घेवडा डुकराच्या चरबीत शिजवलेला नको. ती चिठ्ठी आम्ही प्रत्येक सोदात, म्हणजे तिथल्या घरगुती खानावळीत दाखवली. गाय्यो पिंतो म्हणजे घेवड्याचा भात, तळलेली पिकी केळी, चायोते नावाची फळभाजी. आईची कुठेच उपासमार झाली नाही. शाकाहारी माणसाने या देशाला घाबरू नये, चिठ्ठी मात्र जवळ ठेवावी.

तोर्तुगेरोची कासवं आम्ही पाहिली. टॉर्च नाही, कॅमेरा नाही, काळोखात वाटाड्याच्या मागे मुकाट्याने चालायचं. अंडी घालणारी ती हिरवी मादी वाळूत धापा टाकत होती. आरेनाल ज्वालामुखी मात्र ढगांतच राहिला. १९६८ मध्ये याच डोंगराने गावं गाडली, हे तुम्ही सांगितल्यावर तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात बसताना जरा जपूनच बसले.

आणि १५ ऑगस्ट! आपल्याकडे झेंडावंदन, तिथे मातृदिन. तुम्ही तुमच्या सासूबाईंबरोबर आईलाही फुलं दिलीत. त्या दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं, तरी दुपारभर ओसरीवर हात हातात घेऊन बसल्या होत्या. आई अजून त्यांची चौकशी करते.

आता आईचा हुकूम आहे की पुढची खेप डिसेंबरात. पानांत गुंडाळलेले मक्याच्या पिठाचे तामालेस तुमच्या स्वयंपाकघरात बसून बांधायचे, आमच्या वाटणीचे बिनमांसाचे. मग बोरुका या आदिवासी गावाला, ३० डिसेंबरला सुरू होणारा दियाब्लितोसचा, म्हणजे छोट्या सैतानांचा, खेळ बघायला: लाकडी मुखवटे घातलेले गावकरी आणि स्पॅनिश आक्रमकांचं रूप घेतलेला बैल. तिथे राहायची सोय आधी करावी लागते, असं तुम्हीच म्हणाला होतात. तेव्हा कधी विचारायचं ते कळवा. गोडा मसाला आणि मेतकूट आई बांधून ठेवते आहे, आणखी काय हवं तेही लिहा.

सासूबाईंना आमचा नमस्कार.

तुमची,
पुण्याची पाहुणी