पाऊण तासाचा संशयित

संपादक महोदय,

कालच्या अंकातला गॅमा डिटेक्टर (म्हणजे किरणोत्सारी पदार्थातून निघणारे गॅमा किरण टिपणारं यंत्र) बसवलेल्या गाड्यांवरचा लेख वाचला, दोनदा वाचला कारण पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. गाडी नुसती रस्त्यावरून गेली की लपवलेला किरणोत्सारी पदार्थ क्षणात पकडते म्हणे. पकडते हो, मलाही पकडलं होतं.

थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन-१३१ चा डोस घेऊन तीन आठवडे झाले होते. एका मोठ्या कार्यक्रमाच्या गेटाशी अशीच गाडी उभी, मी शेजारून गेलो आणि आत पीं पीं सुरू. मग एक साहेब हातातलं यंत्र घेऊन आले, माझ्या गळ्यापाशी धरलं, स्क्रीनवर चक्क आयोडीन-१३१, मेडिकल असं आलं, मला उलटं दिसत असूनही वाचता आलं, पण साहेबांचा डोळा फक्त लाल दिव्यावर. खिशातलं हॉस्पिटलचं पत्र उघडून बघायला त्यांना पाऊण तास लागला आणि तोवर रांगेतली माणसं माझ्यापासून अशी लांब सरकली की विचारू नका.

अहो, नुसतं वाजायला काय लागतं, काय वाजतंय ते ओळखणं हे खरं काम, आणि तुमच्या लेखात त्याचं नावसुद्धा नाही. प्रत्येक पदार्थाच्या गॅमाची ऊर्जा ठरलेली असते, सीझियम-१३७ ची ६६२ आणि माझ्या आयोडीनची ३६४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट, त्यावरूनच कळतं समोर कोण आहे ते. नैसर्गिक किरणोत्सारामुळे टाइल्सचा नाहीतर पोटॅश खताचा ट्रक गेला तरी आकडा चढतो, पाऊस पडला तरी चढतो, आणि खरा चोर गॅमा अडवणाऱ्या शिशाच्या जाड डब्यात माल घेऊन बसला असेल तर ही गाडी शेजारून जाऊनही गप्प राहू शकते.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण दिलंत. २०२३ साली १४०० किलोमीटरच्या रस्त्यावर हरवलेली ८ मिलिमीटरची किरणोत्सारी कॅप्सूल सापडली, तीही ताशी ७० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीतून, कौतुकच आहे. पण काय हरवलंय आणि कुठल्या रस्त्यावर हे आधीच माहीत होतं ना, शिवाय ती रस्त्यापासून दोन मीटरवर उघडी पडलेली, कोणी लपवली नव्हती!

आणि हो, लेखासोबतचा फोटो मेटल डिटेक्टरच्या चौकटीचा आहे. त्या दिवशी कार्यक्रमाला आत जाताना मी तसल्याच चौकटीतून गेलो, ती अजिबात वाजली नाही.

आपला,
एक जुना वाचक