करामेंडीच्या काकू, अर्ध्या चहाबद्दल थँक्यू

काकू, हे तुम्ही वाचणार नाही माहितीये, तुम्हाला मराठी येत नाही आणि मला कझाक, पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

बाबांनी ऐंशीच्या दशकात भरतपूरला सायबेरियन क्रेन बघितले होते. 2002 नंतर ते तिथे यायचेच बंद झाले, आणि तेव्हापासून बाबांच्या डोक्यात तुमचं कझाकस्तानातलं नौरझुम अभयारण्य, कारण जाता-येता हे पक्षी तिथल्या तलावांवर उतरायचे. वय 71, गुडघे बोंबललेले, म्हणून सगळं पॅकेजच घेतलं. तर त्या टूरवाल्याची गाडी आम्हाला तुमच्या गावात उतरवून जी गेली ती गेलीच, फोन बंद (पैसे घेताना बरं नेटवर्क फुल असतं यांचं). संध्याकाळ, बोचरा वारा आणि आम्ही दोघं बॅगांवर बसलेलो.

तुम्ही काहीच विचारलं नाहीत. बाबांची बॅग उचललीत आणि घराकडे चालायला लागलात.

मग चहा. चक्क दुधाचा! पण पियाल्यात जेमतेम अर्धा. मी पुणेकर, पाहुण्यांच्या चहावरून जन्मभर टोमणे खाल्लेला, मनात म्हटलं घ्या, इथेपण आपलीच माणसं. परत अर्धा. परत अर्धा. शेवटी तुमच्या मुलाने मोबाईलवर ट्रान्सलेट करून दाखवलं की आमच्याकडे पियाला काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ आता निघा, अर्धा म्हणजे बसा, अजून ओतायचाय. बाबा बराच वेळ चष्मा पुसत बसले. मी खिडकीबाहेर बघत होतो, अंधारात दिसत काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच्या गाडीतून फिरवलं. पिसासारखं पांढरं गवत, संपतच नाही, आणि मध्येच एकदम पाइनचं जंगल, त्यात शाही गरुडाचं घरटं. 1951 ला हे अभयारण्यच बंद करून टाकलेलं, 1966 ला परत सुरू केलं म्हणे, 2008 पासून तर युनेस्कोच्या यादीत आहे. सायबेरियन क्रेन काही दिसला नाही. कांड्या करकोच्यांची जोडी मात्र दिसली, थंडीत आपल्याकडे येतात तेच, बाबा म्हणाले चला, माहेरी भेटले. पेट्रोलचे पैसे पुढे केले तर काका रागावलेच. ओळख ना पाळख, भाषा नाही, आणि एवढं करायचं, आमच्या सोसायटीत लिफ्ट कोणी धरून ठेवत नाही हो.

आता बाबा घरी येईल त्याला अर्धाच कप चहा देतात. पुण्यात लोक त्याचा काय अर्थ काढतायत ते विचारू नका.