‘हे गेमिंगसाठीच आहे’ असं मोकळेपणाने म्हणणाऱ्या आमच्या भाडेकरू मुलास

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

नाव लिहू नका काकू, असं तू बजावलंस, म्हणून नुसतं बेटा म्हणते. पण पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आपल्या नागपुरात माझ्यासारख्या किती तरी आया असतील, ज्यांच्या घरी लेकीने नाहीतर लेकाने गेमिंगच्या कॉम्प्युटरचा हट्ट धरलाय, गाठीला पैसे मोजके आहेत आणि दुकानातून आणलेल्या कोटेशनमधलं काही म्हणता काही उमजत नाही. तू आम्हाला जे सांगितलंस ते त्यांच्याही कामी यावं.

पहिले आभार याचे, की तू प्रश्न माझ्या लेकीला विचारलेस. दुकानांमध्ये सगळे तिच्या बाबांशी बोलायचे. कॉम्प्युटर तिचा, हट्ट तिचा, बारावीनंतरचं बक्षीस तिचं, आणि ती बाजूला उभी. तू घरी आलास, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलास आणि विचारलंस: कोणकोणते गेम खेळणार? घरी मॉनिटर आहे की घ्यायचा आहे? टेबल कुठल्या भिंतीला? आणि उन्हाळ्यात त्या खोलीत एसी असतो की कुलर? शेवटचा प्रश्न तेव्हा मला कळला नव्हता.

ती म्हणाली, मैत्रिणींसोबत व्हॅलोरंट, जीटीए 5 आणि पुढे जमले तर मोठे स्टोरीवाले गेम. आम्ही तर नातेवाइकांना ‘अभ्यासासाठी घेतोय’ असं सांगत होतो. तू हसलासही नाहीस. म्हणालास, “काकू, हे गेमिंगसाठीच आहे असंच धरून चालू. अभ्यासासाठी म्हटलं की सगळा पैसा प्रोसेसरच्या नावावर जाते आन् ग्राफिक कार्डाला, म्हणजे गेमचं चित्र काढणाऱ्या भागाला, काही उरत नाही.” लेकीचा चेहरा मी पाहिला रे तेव्हा. तिच्या आवडीला कुणी खोटं नाव न देता पहिल्यांदा गंभीरपणे घेतलं होतं.

मग तू ते कोटेशन मागितलंस. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. कागदावर होतं: आय 7 प्रोसेसर, 16 जीबी रॅम, 4 जीबी ग्राफिक कार्ड, 450 वॅटचा एसएमपीएस (आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), आरजीबी म्हणजे रंगीत लाइटचं कॅबिनेट. आम्हाला तर ते भारीच वाटलं होतं. तू पेन घेतलंस आणि प्रत्येक ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढलंस. आय 7, पण कितव्या जनरेशनचा? तिथूनच फोन लावायला सांगितलास, उत्तर आलं, तिसऱ्या. म्हणजे 2012 सालचा. त्यात चार कोअर, म्हणजे काम करणारे चार हात, आणि आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी हाताळायची आठ कामं. 2022 साली आलेल्या आय 3 12100 मध्येही चार कोअर, आठ थ्रेडच आहेत, पण त्याचा एकेक कोअर त्या जुन्या आय 7 च्या कोअरच्या कितीतरी पुढे पळतो. वर विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत तिसरी जनरेशन बसतच नाही आणि विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपलेला. आय 7 हा आकडा मोठा दिसतो, पण त्याच्या पुढचे आकडे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं.

ग्राफिक कार्डाचंही तेच. 4 जीबीचं म्हणजे कोणतं? जीटी 730. ते 2014 सालचं कार्ड. 4 जीबी मेमरी लावली म्हणून त्याची ताकद वाढत नाही, आणि मेमरीसुद्धा जुन्या, संथ जातीची. कार्डाचं पूर्ण नाव, चिपच्या नंबरासकट, लिहून घ्यायचं, हे तेव्हापासून घरात सगळ्यांना पाठ झालं आहे.

आमच्याकडे 65,000 रुपये होते. भिशी लागली होती आणि माझ्या शिवणकामाचे काही बाजूला टाकलेले. त्यातच मॉनिटरही बसवायचा होता. तू एवढंच म्हणालास, “बसते.” आणि बसवलंसही.

सगळ्यात मोठा वाटा कार्डाला. आरएक्स 6600, 8 जीबी. दुकानात जवळपास तेवढ्याच पैशांत आरटीएक्स 3050 पुढे करत होते. तू लेकीला दोन्हीकडच्या बाजू सांगितल्यास: 3050 ला डीएलएसएस मिळतं (लहान चित्र काढून ते एआयने मोठं करायची युक्ती), पण सरळ फुल एचडीवर खेळायचं तर 6600 जास्त फ्रेम, म्हणजे सेकंदाला जास्त चित्रं, देतं. आणि 3050 नावाचीच दोन कार्डं आहेत, 8 जीबीचं आणि 2024 मध्ये आलेलं 6 जीबीचं. दुसऱ्यात मेमरी तर कमी आहेच, आतले कोअरही कमी. नाव तेच, माल वेगळा. हे माहीत नसलेल्या माणसाने काय करावं सांग! निवड शेवटी तू तिच्यावर सोडलीस, आणि तिने 6600 घेतलं.

प्रोसेसर रायझन 5 5600, सहा कोअर, बारा थ्रेड, डब्यातच पंखा येतो. लेकीला नवीन एएम 5 वालाच, म्हणजे त्याच कंपनीच्या नव्या खाचेत बसणारा, पाहिजे होता. तू मोडता घातला नाहीस, हिशोब मांडलास. एएम 5 ला नव्या जातीची डीडीआर 5 रॅमच लागते, मदरबोर्डही महाग, आणि तो फरक कार्डातून कापावा लागेल. व्हॅलोरंट प्रोसेसरवर जास्त चालतो, स्टोरीवाले गेम कार्डावर, म्हणून दोघांपैकी एकालाही उपाशी ठेवायचं नाही. तिला पटलं. रॅम 8-8 च्या दोन पट्ट्या, कारण एकाच 16 च्या पट्टीने अर्धा रस्ता बंद राहतो. गेम साठवायला हार्ड डिस्क नकोच, तिच्याहून कितीतरी वेगवान अशी एनव्हीएमई एसएसडी घ्या.

आणि मग एसएमपीएस. इथे तू जे समजावलंस त्यासाठी मी तुझी खास ऋणी आहे, कारण इथेच आम्ही पैसे वाचवायला निघालो होतो. कोटेशनमधल्या त्या 450 वॅटवाल्याचा फोटो तू मागवलास आणि मोठा करून लेबल दाखवलंस. तिथे 12 व्होल्टच्या खाली 16 अँपिअर लिहिलं होतं. “काकू, 12 गुणिले 16.” मी म्हटलं 192. “प्रोसेसर आन् कार्ड दोघंही या 12 व्होल्टवरच जगतात. एकटं कार्डच 132 वॅटचं. प्रोसेसर 65 चा, पण जोरात असला की त्याहून वर घेते. आता सांगा, उरलं काय?” डब्यावर 450 आणि कामाचे 192. मी ब्लाउज शिवते, मला अस्तर कळतं. वरून दिसत नाही, पण तेच हलकं लावलं तर महागातलं कापडही उसवतं. तुझा एसएमपीएस म्हणजे तेच. आपण 550 वॅटचा, 80 प्लस ब्रॉन्झ, पाच वर्षांच्या वॉरंटीचा घेतला. तेव्हाही तू सांगून ठेवलंस की ब्रॉन्झ म्हणजे वीज किती वाया जाते त्याचा दाखला, आतला माल कसा आहे त्याचा नव्हे, म्हणून वॉरंटीची वर्षं आणि 12 व्होल्टचा आकडा दोन्ही पाहायचे.

बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, तू आमच्यासोबत आलास, तेही सुट्टीच्या दिवशी, भर गर्दीत. एका ठिकाणी बिल नको असेल तर कमी करून देतो म्हणाले. 18 टक्के जीएसटी वाचतो म्हणून माझं मन झालंच होतं, खरं सांगते. तू शांतपणे म्हणालास की पक्कं बिल आणि त्यावर सिरियल नंबर नसेल तर उद्या कार्ड बंद पडल्यावर वॉरंटीसाठी दाखवायचं काय? आणि काउंटरवरच प्रत्येक डब्याचं सील पाहून, डब्यावरचा नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवून घेतलास. लेक नंबर वाचत होती, तू टिक करत होतास. ती सगळी बिलं मी लग्नाच्या फाइलमध्ये ठेवली आहेत.

आता तो कुलरचा प्रश्न. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, तर रात्रीही भिंती तापलेल्या असतात. तू सांगितलंस की कॉम्प्युटरचा पंखा थंडी तयार करत नाही, खोलीतलीच हवा आत घेतो. खोली 20 अंशांवरून 40 वर गेली की कार्डही साधारण तेवढंच वर चढतं. पुण्या-मुंबईतला कुणी सांगेल ते कॅबिनेट इथे चालेलच असं नाही. म्हणून समोर काच असलेलं, लाइट चमकणारं कॅबिनेट तू बाजूला ठेवलंस आणि समोर पूर्ण जाळीचं घ्यायला लावलंस. दोन पंखे पुढून हवा आत घेणारे, एक मागून बाहेर टाकणारा. लेकीला लाइट पाहिजे होते, तर म्हणालास, लाइटचे पंखे पुढे कधीही लागतात, कमजोर कार्ड मात्र पुढे जोरदार होत नाही.

टेबलाची जागा तूच बदललीस. आमच्या डोक्यात होतं कुलरच्या समोर ठेवू, म्हणजे थंड राहील. तू खिडकीतल्या कुलरपुढे हात धरायला लावलास, आणि हातावर बारीक तुषार दिसले. तेच तुषार आणि पाण्यातला क्षार बोर्डावर बसला असता. आता टेबल कुलरच्या बाजूच्या भिंतीला आहे, झोत खोलीत फिरतो पण कॅबिनेटवर येत नाही, आणि कॅबिनेट जमिनीवर न ठेवता टेबलावर, मागे हातभर जागा सोडून. यंदाचा उन्हाळा त्यावर निघाला. दुपारी खेळताना लेक गेममध्ये फ्रेमची मर्यादा खाली घेते, तूच दाखवलं होतंस, तेवढ्याने कार्ड कमी राबतं आणि खोलीही कमी तापते.

जोडणी तू तिच्या हातून करवून घेतलीस. स्क्रू तिने लावले, प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट तिने पाहिली, तू फक्त बोट दाखवत होतास. मॉनिटरची वायर बोर्डात न लावता खाली कार्डात लावायची, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमचा पूर्ण वेग) चालू करायचं नाहीतर 3200 ची रॅम कमी वेगाने चालत राहते, आणि 144 हर्ट्झचा मॉनिटर घेतला तरी विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन 144 निवडावं लागतं. 60 ला दर 16.7 मिलिसेकंदांनी चित्र बदलतं, 144 ला साधारण 7 मिलिसेकंदांनी. मला वाटलं एवढं काय दिसणार. पण लेकीने माउस हलवून दाखवला तेव्हा मलाही दिसलं.

पावसाळ्यात लाइट जाते म्हणून यूपीएसही घेतला, त्याचे पैसे मात्र वेगळे काढले. त्या 600 व्हीएच्या यूपीएसला 360 वॅटच झेपतात, आणि तो खेळत बसायला नसून बंद करायला वेळ मिळावा म्हणून, हे तिच्या बाबांना आता मीच समजावून सांगते. लाइट गेली की ती ओरडत नाही, सेव्ह करते आणि बंद करते.

पैसे देऊ केले तर तू घेतले नाहीस, भाड्यात कमी करते म्हटलं तर रागावलास. म्हणून दुसरं सांगते, त्याला नाही म्हणायचं नाही. दिवाळीला गोंदियाला जाशील तेव्हा आईचा एक नीट बसणारा ब्लाउज मापाला घेऊन ये. कापड मी निवडून ठेवते, अस्तर चांगलंच लावीन. चार शिवून देते, आणि शिलाईची गोष्ट काढायची नाही.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू