दोन नोंदी

मिनेसोटा
रविवार, १८ जानेवारी

प्रिय सुमे,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. रोज रात्री लिहायला बसायचं ठरवते आणि रोज कुठलीतरी केस आडवी येते. आज बाहेर उणे २२ आहे, गाडीसुद्धा सुरू होईना. म्हणून सकाळपासून तुलाच धरून बसलेय.

तू विचारलंयस, इथे सोशल वर्करना वर्णभेदावर ट्रेनिंग देतात म्हणजे नेमकं करतात काय. तुझ्या फिल्डवर्कच्या मुलांसाठी तुला तसं काहीतरी बसवायचंय. सांगते, पण त्यासाठी आधी माझी एक चूक सांगावी लागेल.

लायसन्स टिकवायला आम्हाला दर दोन वर्षांनी ४० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. त्यातलं पुष्कळसं घरी जाईपर्यंत विसरलेलं असतं. व्याख्या होतात, आकडे दाखवतात, गटचर्चा होते. कुणीतरी हमखास म्हणतं, "मला रंग दिसत नाही, माणूस दिसतो." आपल्याकडच्या "आम्ही जात मानत नाही" म्हणणाऱ्यांची आठवण येते बघ. आणि खरं सांगू, मी तिथे निवांत बसायचे. मी गोरी नाही, माझ्या उच्चारांवरून मलाच लोक दोनदा विचारतात. हा धडा बाकीच्यांसाठी आहे, असं मी मनाशी धरूनच चालले होते.

गेल्या वर्षी शिकवायला आलेली बाई वेगळी होती. कृष्णवर्णीय, बालसंरक्षणात उभी हयात घालवलेली. तिने आधीच कळवलं होतं की गृहभेटीच्या स्वतःच्या दोन जुन्या नोंदी आणा. नाव, पत्ता, वंश, ओळख पटेल असं सगळं काळ्या मार्करने खोडून. तिथे शेजारच्याशी कागद बदलायचे. त्याने तुझी नोंद मोठ्याने वाचायची आणि प्रत्येक विशेषणापाशी थांबून एवढंच विचारायचं, "तू काय पाहिलंस?"

माझ्या पहिल्या कागदावर होतं, "आई आक्रमक. सहकार्य करत नाही. घरात येऊ दिले नाही." दुसऱ्यावर, "आई प्रचंड तणावाखाली. आधाराची गरज."

शेजारी एक तरुण मुलगा होता. त्याने "आक्रमक"पाशी बोट ठेवलं आणि विचारलं. मी आठवायला लागले. तिसरा मजला, दाराची साखळी लावलेली. फटीतून दिसणारा हात साबणाने ओला. मागे कोचावर पोरगं, तोंडाला नेब्युलायझरचा मास्क. ती रात्रपाळी करून आलेली. ती म्हणाली होती, "आवाज खाली. बाळ आत्ता झोपलंय. उद्या या." बस. तेवढंच. आवाज खाली करायला तिने मला सांगितलं होतं, सुमे, आणि मी तिला आक्रमक लिहिलं होतं. दुसऱ्या नोंदीतल्या बाईने माझ्या तोंडावर दार आपटलं होतं, आईवरून शिवी दिली होती. ती तणावाखाली. ती गोरी होती, हे मार्करखाली झाकलेलं मला एकटीलाच माहीत होतं.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मुलगा बिचारा ओशाळला.

मला त्रास पुढच्या गोष्टीचा जास्त झाला. माझ्यानंतर ती केस दोघांकडे गेली. दोघांनी माझा शब्द उचलला. न्यायालयाला गेलेल्या अहवालात "आक्रमकतेचा इतिहास" झाला होता. एका सकाळच्या साखळीचा इतिहास! मूल तिच्याकडेच राहिलं, ही तिची पुण्याई, माझी नाही. नोंद खोडता येत नाही, म्हणून मी पुरवणी जोडली, जे पाहिलं तेवढंच लिहून. मग तिला भेटून तीही दाखवली. आपली नोंद पाहणं हा क्लायंटचा हक्क आहे, आचारसंहितेतच आहे तो. तिने शांतपणे वाचलं आणि विचारलं, "हे आधी कितीजणांनी वाचलं?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देताना मान वर होईना.

अमेरिकेतल्या मुलांपैकी साधारण ३७ टक्के मुलांच्या घरी वयाच्या १८ वर्षांपर्यंत कधी ना कधी बालसंरक्षणाची चौकशी येते. कृष्णवर्णीय मुलांमध्ये हे प्रमाण ५३ टक्के. हा आकडा मी कितीदा ऐकला होता. त्यात माझं ते एक विशेषणही आहे, हे त्या दिवशी कळलं.

आपल्या पेशाचा इतिहासही काही धुतल्या तांदळासारखा नाही. १९७० च्या दशकात पाहणी झाली तेव्हा दिसलं, की इथल्या मूळनिवासी (नेटिव्ह अमेरिकन) मुलांपैकी २५ ते ३५ टक्के मुलं घरातून काढून नेलेली होती, बहुतेक गोऱ्या घरांत नाहीतर संस्थांत. काढणाऱ्यांत आपल्यासारखेच शिकलेले लोक होते. आजी सांभाळते म्हणून कुणी "आईचं दुर्लक्ष" लिहायचं, घरात माणसं जास्त म्हणून कुणी "गर्दी". आपण सगळे आजीच्याच हातचे वाढलो की गं. त्यावर १९७८ साली कायदा आला. तो २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला, सात विरुद्ध दोन. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या हातून खून मे २०२० मध्ये इथेच, मिनियापोलिसमध्ये झाला. त्यानंतरच्या वर्षी सोशल वर्करांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या पेशाने केलेल्या वर्णभेदाबद्दल जाहीर माफी मागितली. माफीचं मोल मी कमी मानत नाही, पण मला कामाला आला तो १९७८ च्या कायद्यातला एक शब्दप्रयोग, "सक्रिय प्रयत्न". इतर केसमध्ये आईच्या हातात व्यसनमुक्ती केंद्राचा फोन नंबर दिला की "प्रयत्न केले" लिहिता येतं. या कायद्याखाली तिला गाडीत घालून न्यायचं, नाव नोंदवेपर्यंत थांबायचं, मावशी-आत्या शोधायच्या. असाच एक कायदा आमच्या राज्याने २०२४ मध्ये कृष्णवर्णीय आणि अशाच भरडल्या जाणाऱ्या इतर मुलांसाठी केला. माझं स्पष्ट मत आहे, दिवसभराच्या ट्रेनिंगपेक्षा हे हातापायाला लावलेलं काम माणसाला जास्त शिकवतं.

आता तुझ्या मुलांचं. आपलं देवनारचं, टाटा इन्स्टिट्यूटमधलं (TISS) समाजकार्याचं शिक्षण मुळात इथूनच आलं. १९३६ मध्ये ती शाळा उभी केली क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन माणसाने. केसवर्क, म्हणजे एकेका माणसाशी किंवा कुटुंबाशी काम करायची पद्धत, आलं, आणि त्याबरोबर "कार्यकर्ता तटस्थ असतो" हेही आलं. तटस्थ कुठले! आठवतं ना, आपलं पहिलं वर्ष, ते पारध्यांचं पोरगं? स्टेशनवर सापडलेलं, पायाला जखम. मी लिहिलं होतं, "कुटुंबाला गुन्हेगारी पार्श्वभूमी." बापावर एकही केस नव्हती. इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, १९५२ मध्ये तो कायदा गेला, आणि इतक्या वर्षांनी मी, मुंबईत शिकलेली मुलगी, तेच वाक्य फुलस्केपवर सुंदर अक्षरात उतरवत होते. तू वाचून म्हणाली होतीस, "नंदे, तू पाहिलीस ती पार्श्वभूमी?" मी तुझ्यावर चिडले होते. दोन दिवस कॅन्टीनला एकटी गेले.

म्हणून तुला म्हणते, बाहेरचा वक्ता बोलावू नकोस. स्लाइड नकोत. मुलांना स्वतःचं रेकॉर्डिंग, म्हणजे फिल्डवर्कच्या लेखी नोंदी, आणायला सांग, जात-जमात, आडनाव, वस्तीचं नाव खोडून. आपल्याकडे आडनाव झाकलं तरी वस्तीच्या नावावरून कळतं, म्हणून वस्ती नक्की खोडायला लाव. आणि पहिली नोंद तू स्वतःची ठेव, नाहीतर पोरं आपल्याला शिक्षा होतेय असं समजून गप्प बसतील. एका तासिकेत उरकू नकोस. दर पंधरा दिवसांनी, वर्षभर.

तुझी नसेल हाताशी, तर माझी वापर. आपल्या जर्नल तू सोलापूरला नेल्या होत्यास, निळ्या पुठ्ठ्याच्या. त्यात ते पान असणार. सापडलं तर मलाही फोटो पाठव.

काकूंना नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे ते कळव.

तुझी,
नंदा