कर्मचारी प्रतिनिधी नक्की कोणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अतिथी प्राध्यापकांच्या मानधनाबद्दल आपल्या दैनिकात अधूनमधून बातम्या येतात. त्या बहुतेक सरकारी महाविद्यालयांच्या असतात. खासगी संस्थांच्या अनएडेड, म्हणजे सरकारी अनुदान नसलेल्या, विभागात राबणाऱ्यांची बातमी होत नाही, कारण तिथे कोणाला 'काढून टाकले' असे कागदावर येतच नाही. नेमणुकीची ऑर्डरच दहा महिन्यांची असते. ती एप्रिलअखेर संपते आणि जूनमध्ये पुन्हा बोलावणे येत नाही. सीमाभागातल्या एका महाविद्यालयात एसडीए (सेकंड डिव्हिजन असिस्टंट, म्हणजे कनिष्ठ क्लार्क) म्हणून लागलो आणि सुपरिंटेंडेंट म्हणून बाहेर पडलो. मधल्या 31 वर्षांत अशा ऑर्डरी मीच टाईप केल्या, त्यामुळे हे सांगायचा मला थोडा अधिकार आहे आणि थोडी लाजही आहे.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी आमच्याकडे 11 जण कमी केले. सात तात्पुरते प्राध्यापक, दोन क्लार्क, एक लॅब अटेंडर आणि घंटा वाजवणारे मामा. मला शाल, श्रीफळ, फेटा आणि दोन भाषणे मिळाली. त्यांना फोन आला. काहींना तोही आला नाही. एके दिवशी सकाळी स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून आपले नाव गेलेले दिसले, तेव्हा कळले.

मॅनेजमेंट खोटे बोलत होती असे मी म्हणणार नाही. बीएचे प्रवेश घटले होते, पोरे बीसीएकडे आणि बीकॉमकडे पळत होती. अनएडेड विभागाचा पगार फीतून निघतो आणि फीच येत नव्हती. त्यात कर्नाटकात 2021 मध्ये चार वर्षांची पदवी आली आणि 2024 मध्ये पुन्हा तीन वर्षांवर आणली गेली. (ज्या आयोगाच्या सल्ल्याने ती मागे घेतली त्याचे अध्यक्ष सुखदेव थोरात, म्हणजे मराठी माणूस. आमच्या स्टाफरूममध्ये तेवढ्यावरूनही एक दिवस वाद झाला.) दर वेळी टाईमटेबल पालटले की कोणाचा तरी वर्कलोड, म्हणजे शिकवायचे तास, गळतो. सरकारी महाविद्यालयांतही तेच झाले. जानेवारी 2022 मध्ये अतिथी प्राध्यापकांचे मानधन अकरा-तेरा हजारांवरून कमाल 32 हजारांपर्यंत वाढवले, चांगलेच झाले. पण त्याबरोबर आठवड्याचे तास आठ-दहावरून 15 झाले आणि दोघांच्या जागी एक पुरू लागला. ज्याचे तास दुसऱ्याला गेले, त्याला कोणी विचारले होते?

तर कपात करावी लागली, हे मी मान्य करतो. माझे म्हणणे वेगळे आहे. हे सगळे ठरत होते तेव्हा आमचा माणूस त्या खोलीत बसलेला होता आणि तो आमचा नव्हता.

नॅक म्हणजे महाविद्यालयांना दर्जा देणारी संस्था. तिच्यासाठी आयक्यूएसी, म्हणजे महाविद्यालयातली अंतर्गत गुणवत्ता समिती, लागते. या समितीवर शिक्षक, ऑफिसचा माणूस, विद्यार्थी, माजी विद्यार्थी, गावातले कोणी प्रतिष्ठित असे सगळे असावे लागतात. कर्मचारी कल्याणाचाही एक मुद्दा असतो, त्याची जाड फाईल आमच्याकडे होती. तिच्यातल्या सह्या मीच टेबलोटेबली फिरून घेतल्या, मीटिंग झाली असो वा नसो. स्वायत्त महाविद्यालयाच्या नियामक मंडळावर दोन शिक्षक असावेत असे यूजीसी सांगते, पण ते प्राचार्यांनी सेवाज्येष्ठतेनुसार नेमायचे. आमचे महाविद्यालय स्वायत्त नव्हते, तरी पद्धत तीच. जे सर सर्वांत ज्येष्ठ, तेच आमचे प्रतिनिधी. माणूस सज्जन. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली, पेन्शनची फाईल प्राचार्यांच्या सहीसाठी थांबलेली. त्यांनी कपातीच्या ठरावावर सही केली. नंतर स्टाफमधल्या पोरांनी घेरले तेव्हा म्हणाले, "अरे, मला तर मीटिंगमध्येच कळलं." मला त्यांचा राग आला नाही. त्यांना आम्ही निवडलेच नव्हते, मग ते आम्हाला जबाब कशाला देतील?

उरलेल्या स्टाफची गोष्ट सांगतो, कारण ती कोणी विचारत नाही. जून उजाडला आणि स्टाफरूममध्ये डबा खायला कोणी बसेना. जो तो आपापल्या विभागात दार लोटून जेवू लागला. हक्काची रजा कोणी मागेना. दोन सेक्शन एकत्र करून एका मॅडमना आठवड्याला 24 तास दिले, त्या काही बोलल्या नाहीत. पूर्वी याच बाई टाईमटेबलवरून प्राचार्यांशी भांडायच्या. घंटा कोण वाजवणार हेही पहिला आठवडाभर ठरले नव्हते. कधी लायब्ररीचा माणूस वाजवायचा, कधी पीटीचे सर.

सगळ्यांत वाईट गोष्ट भाषेची. आपल्याकडे कुठलाही कागद आला की आडनावे आधी वाचली जातात. मराठी विभागाचे दोघे गेले म्हणून मराठी मंडळी म्हणू लागली, "त्यांना विभाग बंदच करायचा होता." बैलहोंगलकडचे एक सर गेले, तर कन्नड मंडळी म्हणाली, "तुमच्या लोकांनी आपली माणसं राखली." ती यादी मी टाईप केली होती. 11 जणांत पाच मराठी, चार कन्नड, दोन उर्दू बोलणारे. सगळ्यांना एकाच पट्टीने मोजले होते : ज्याची ऑर्डर कच्ची, तो गेला. पण यादी कुठेच लावली नसल्याने प्रत्येकाला आपापल्या सोयीची यादी रचता आली. सूचना म्हणून एकच कागद बोर्डावर लागला, तोही कन्नडमध्ये. येळ्ळूरच्या मामांनी तो माझ्याकडून वाचून घेतला. त्यात त्यांचे नाव नव्हते, फक्त 'कार्यभाराअभावी' असा शब्द होता.

कायद्याचे म्हणाल तर त्याचीही गंमत आहे. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थेला 'उद्योग' मानले. 1988 मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की शिक्षक हा 'कामगार' नव्हे. म्हणजे एकाच छपराखाली क्लार्क आणि अटेंडर कामगार कायद्यात बसणार, शिकवणारा बसणार नाही. त्यामुळे प्राध्यापकांची संघटना वेगळी, शिक्षकेतरांची वेगळी आणि तात्पुरत्यांची कुठेच नाही. कायम प्राध्यापकाला जिल्हा न्यायाधीशांसमोरच्या शैक्षणिक न्यायाधिकरणात दाद तरी मागता येते. पण ज्याच्या हातात काढल्याचा कागदच नाही, त्याने अपील कशावर करायचे? ग्रॅच्युइटीसाठीही शिक्षकांना बरीच वर्षे झगडावे लागले. संसदेने 2009 मध्ये कायदा दुरुस्त करून ती 1997 पासून लागू केली, तरी संस्था कोर्टात गेल्या आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांच्या बाजूने निकाल दिला. ग्रॅच्युइटीच्या त्या कायद्यात वर्षात 240 दिवस काम भरले की ते वर्ष सलग धरण्याची तरतूद होती. ही माहिती त्या 11 जणांपैकी एकालाही नव्हती. मला होती. मी सांगितली नाही. निवृत्त होईपर्यंत माझाही पगार तिथूनच निघत होता.

पूर्वी असे नव्हते. 1884 मध्ये पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली ती आजीव सभासदांच्या बळावर. शिकवणारेच संस्था चालवत. टिळक 1890 मध्ये तिथून बाहेर पडले, पण भांडायला तरी ते आत होते. आपल्या बेळगावात 1916 मध्ये केएलई ही शिक्षणसंस्था उभी केली ती सात शिक्षकांनी. (माझे महाविद्यालय त्या संस्थेचे नव्हे, गैरसमज नको.) ज्यांच्या तसबिरींना आपण दरवर्षी हार घालतो ते बहुतेक मास्तर होते, आणि आज मास्तरला ठरावाची प्रत मागायचीही चोरी.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रतिनिधी प्राचार्यांनी नेमू नये, स्टाफने निवडावा. मतदान गुप्त असावे आणि त्यात तात्पुरत्यांना व शिक्षकेतरांनाही मत असावे, कारण कुऱ्हाड आधी त्यांच्यावरच पडते. वर्कलोडचा तक्ता मार्चमध्येच बोर्डावर लागावा, कन्नड, मराठी आणि इंग्रजीत, म्हणजे ज्याला जायचे आहे त्याला जूनच्या आत दुसरीकडे अर्ज तरी करता येईल. आणि ज्याला कमी केले त्याला तसे लिहून द्यावे.

यावर आमचे एक संचालक मला म्हणाले होते, "कॉलेजात निवडणुका सुरू केल्या की राजकारण शिरतं." मी त्यांना आमच्या क्रेडिट सोसायटीची आठवण करून दिली. कायम स्टाफची सोसायटी आहे, दर पाच वर्षांनी संचालक मंडळाची निवडणूक होते. प्राध्यापक, क्लार्क, अटेंडर सगळे एका रांगेत उभे राहून मत टाकतात. कन्नड उमेदवाराला मराठी मते पडतात, उलटही होते. पंधरा-वीस हजारांचे कर्ज कोणी मंजूर करायचे ते आम्ही मतपेटीने ठरवतो. नोकरी राहणार की जाणार हे ठरते त्या खोलीत कोण बसणार, ते मात्र प्राचार्य ठरवतात. संचालक हसले आणि चहा मागवला.

ती लोखंडी मतपेटी ऑफिसच्या कपाटावर असते. निवृत्तीच्या दिवशी चार्ज देताना तिची किल्लीही मी यादीत लिहून दिली आहे, अनुक्रमांक 14.

आपला,
एक निवृत्त ऑफिस सुपरिंटेंडेंट
ता. खानापूर, जि. बेळगाव

ता. क. : नाव छापू नये ही विनंती. माझी सून एका खासगी महाविद्यालयात दहा महिन्यांच्या ऑर्डरवर आहे.